नारुतोला कोण शोभते: हिनाता, साकुरा की आणखी कुणी? (चॅप्टर नंबर देऊन भांडा)

शेपटी_नऊ (धागाकर्ता)

'नारुतो' या जपानी मांगाच्या (चित्रकथेच्या) निन्जा नायकाची जोडी कुणाशी, यावरून दर सहा महिन्यांनी कुठल्या तरी भलत्याच धाग्यात भांडण पेटतं आणि मूळ विषय बोंबलतो. म्हणून हा स्वतंत्र आखाडा. नियम तीनच.

१. मुद्दा मांगातला आहे, अॅनिमेच्या फिलरमधला (मांगात नसलेल्या, वाढवलेल्या भागांतला) की चित्रपटातला, ते आधी सांगा.
२. चॅप्टर नंबर आठवत असेल तर द्या, नसेल तर प्रसंग ओळखू येईल इतपत तरी लिहा.
३. "शेवटी लग्न हिनाताशीच झालं ना" हे उत्तर बाद. चॅप्टर ७०० सगळ्यांनी वाचलाय. ते लग्न आधीच्या ६९९ चॅप्टरांना पेललं का, एवढाच प्रश्न आहे.

स्पॉयलर सगळीकडे सांडलेले असतील, जपून.

सुरुवात मीच करतो. हिनाता योग्य, पण बांधकाम अर्धवट. पुलाचं तिच्या बाजूचं टोक नीट बांधलंय, नारुतोच्या बाजूला नुसते खांब उभे आहेत.

सदाशिव_शारिंगान

खांबसुद्धा नाहीत हो. चॅप्टर ४३७ मध्ये हिनाता पेन या खलनायकासमोर एकटी उभी राहते, जीव गेला तरी चालेल म्हणते, प्रेमाची कबुली देते आणि कोसळते. ते बघून नारुतोचा ताबा सुटतो, त्याच्या अंगात कोंडलेल्या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याच्या सहा शेपट्या बाहेर येतात. इथवर झकास. पण त्या कबुलीला त्यानं शब्दात उत्तर कधी दिलं? मांगा संपेपर्यंत नाही. ४३७ ते ७०० म्हणजे २६३ चॅप्टर. एवढ्यात पेन संपला, पाच कागेंची (गावप्रमुखांची) बैठक झाली, अख्खं महायुद्ध झालं. "तू तेव्हा जे बोललीस ना..." एवढं अर्धं वाक्य टाकायला एक चौकट मिळाली नाही?

याउलट साकुरा. चॅप्टर ३ पासून तो तिच्यावर लट्टू. गाव सोडून गेलेल्या, साकुराला आवडणाऱ्या सासुकेला परत आणायचं आयुष्यभराचं वचन तिला दिलेलं. तेन्ची पुलावर चार शेपट्या फुटल्यावर त्याच्याकडे धावणारी ती, हात जायबंदी असताना रामेन भरवायला बसणारी ती. चॅप्टर ५०४ मध्ये नारुतोची आई कुशिना तान्ह्या नारुतोला सांगते, तुझ्या आईसारखी मुलगी शोध. तापट, हात उचलणारी, मनाची खंबीर बाई कोण? चॅप्टर ६३१ मध्ये त्याचा बाप मिनातो साकुराकडे बघून विचारतो, ही तुझी मैत्रीण का? हा म्हणतो, हो, तसंच काहीसं. आता आणखी काय पुरावा हवा, सातबारा?

आळशी_हरीण

सातबारा नको, ६३१ ची पुढची चौकट चालेल. साकुरा त्याला तिथेच हाणते. विनोदाची चौकट पुरावा म्हणून धरायची तर चॅप्टर ३ मधला सासुकेबरोबरचा अपघाती मुकाही धरावा लागेल. मग धाग्याचा निकाल आजच लागला.

कुनाईताई

सदाशिवराव, तुमच्या यादीत हिशेबाची एक गोची आहे. साकुरा नारुतोच्याच टीम सातमध्ये आहे. टीम सात कथेच्या मध्यभागी, त्यामुळे ती नारुतोशेजारी असणारच. हिनाता टीम आठमध्ये, कुरेनाई या शिक्षिकेकडे. तिला पान मिळतं तेच मुळी दोन टीम एकत्र आल्या तर. म्हणून नुसते एकत्र प्रसंग मोजले की साकुरा जिंकते, आणि ते जिंकणं टीमच्या वाटपाचं असतं, प्रेमाचं नसतं.

मोजायचंच असेल तर असं मोजा. मोहिमेचा आदेश नाही, सासुके हा विषय नाही, आणि दोघांपैकी एकाच्या वागण्यात पुढे त्यामुळे फरक पडला, असेच प्रसंग धरा. या चाळणीतून दोन्हीकडचे फार थोडे उरतात. साकुराचे तर "सासुके हा विषय नाही" इथेच निम्म्याहून जास्त गळतात.

हिनाताचे उरतात ते सांगते. चुनिन परीक्षेचा (निन्जांच्या बढतीच्या परीक्षेचा) लेखी पेपर, नारुतोचा कागद कोरा, ती स्वतःचा पुढे करते. पकडले गेले तर दोघंही बाद, आणि ती मुळात भित्री. मग चुलतभाऊ नेजीविरुद्धची तिची लढत: हरतेय हे दिसत असताना पुन्हा पुन्हा उठते, कारण नारुतो बघतोय. ती कोसळल्यावर तिचं रक्त मुठीत घेऊन तो नेजीला हरवायची शपथ घेतो. आणि चॅप्टर ९८. अंतिम फेरीच्या सकाळी नारुतो कधी नव्हे ते घाबरलेला असतो, आणि ती त्याला सांगते की तू चुकतोस, हरतोस, पण त्यातून उठतोस, ती खरी ताकद. जाताना तो म्हणतो, तुझ्यासारखी माणसं मला आवडतात. त्या सकाळी तिथे ती नसती तर नेजीसमोर जो नारुतो उभा राहिला तो तसाच असता का?

पीठपोळी

+१. चॅप्टर ९८ कोणी वाचतच नाही, सगळे थेट ४३७ वर उड्या मारतात.

जपानी_जिलबी

भाषेचं थोडं, कारण निम्मी भांडणं अनुवादातून जन्माला आलीत.

चॅप्टर ९८ मधलं "आवडतात" हे जपानीत "सुकी". हा शब्द आपल्या "आवडणे"सारखाच ऐसपैस आहे: रामेन आवडतं, पाऊस आवडतो, माणूस आवडतो. वर नारुतो "तुझ्यासारखी माणसं" म्हणतो, "तू" नाही. इंग्रजी भाषांतरं वाचून कुणी याला प्रेमाची कबुली म्हणतं, कुणी नुसतं सौजन्य. मूळ वाक्य दोन्हीच्या मध्ये लोंबकळतंय, आणि मराठीत "आवडतात" लिहिलं की तसंच लोंबकळत राहतं. आपल्याला इथे इंग्रजीचा वळसा नकोच.

४३७ मध्ये हिनाता "दाईसुकी" म्हणते. म्हणजे फार आवडतोस, आणि जीव द्यायला निघालेली मुलगी ते म्हणते तेव्हा अर्थाबद्दल शंका राहत नाही. चॅप्टर ४६९ मध्ये बर्फात उभी राहून साकुरा म्हणते ते नुसतं "सुकी", आणि नारुतोला "अंता" म्हणून. अंता म्हणजे तू, पण जरा फणकाऱ्यातलं. रोज त्याला झापताना वापरते तोच शब्द. सासुकेला मात्र ती शेवटपर्यंत "सासुके-कुन" म्हणते (-कुन, -चान हे नावामागचे मानाचे, लाडाचे प्रत्यय). हिनाता नेहमी "नारुतो-कुन". नारुतो "साकुरा-चान" म्हणतो आणि हिनाताला नुसतं "हिनाता".

म्हणजे कोण कोणाला मान देतं हे नुसत्या हाकांवरून मांडलं तर बाण असे जातात: हिनाताचा नारुतोकडे, नारुतोचा साकुराकडे, साकुराचा सासुकेकडे. एकही बाण उलटा फिरत नाही.

गाभुळलेली_चिंच

नुसत्या हाकांवर जाऊ नका. आपल्याकडे आई देवाला आणि पोराला दोघांनाही अरेतुरे करते. फणकारा जवळिकीतूनच येतो. नारुतोला "-कुन" लावणारी मुलगी अजून उंबऱ्याबाहेर उभी आहे, "अंता" म्हणणारी घरात शिरून भांडी आदळतेय.

जपानी_जिलबी

हे मान्य. म्हणून मी बाणांची दिशा सांगितली, लांबी नाही.

शेपटी_नऊ

४६९ वर थांबूया, कारण साकुरापक्षाची खरी अडचण तिथे आहे. घटनाक्रम लक्षात घ्या. टीममधला साई साकुराला सांगतो की नारुतोचं तुझ्यावर प्रेम आहे आणि ते वचन शापाच्या खुणेसारखं त्याच्या मानगुटीवर बसलंय. नारुतो इकडे सासुकेला माफी मिळावी म्हणून राइकागेपुढे बर्फात गुडघे टेकून बसलेला. मग साकुरा येते आणि म्हणते, सासुके विसर, मला तू आवडतोस. बारा वर्षांचा असल्यापासून जे ऐकायची वाट पाहिली तेच वाक्य. तो काय म्हणतो? स्वतःशी खोटं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

आता चॅप्टर ३ शेजारी ठेवा. तिथे नारुतो सासुकेचं रूप घेऊन बाकावर साकुराशेजारी बसतो, तिच्या कपाळाचं कौतुक करतो, आणि ती भुलते. (मग जुनाट दूध पोटात बोलतं आणि तो शौचालयाकडे पळतो, ते वेगळं.) तिथे तो खोटा होता आणि ती खरी. ४६९ मध्ये तो खरा आहे आणि ती खोटी. पहिल्या वेळी खोट्यावर मिळणारं प्रेम त्याला चाललं असतं, दुसऱ्या वेळी चाललं नाही. मला तरी हा त्या धाग्याचा शेवट वाटतो, आणि लेखकानं तो मुद्दाम बांधलाय.

सदाशिव_शारिंगान

बांधलाय मान्य. पण तो साकुराच्या खोटेपणाचा शेवट आहे, नारुतोच्या प्रेमाचा नव्हे. तिला तो डोळ्यात बघून ओळखतो, अर्ध्या वाक्यात पकडतो. हिनाताचं मन ओळखायला या गृहस्थाला 'द लास्ट' या चित्रपटात जादूचा भ्रम लागला!

डांगोजी

खिक्क. चित्रपटाचा विषय निघालाच आहे तर तारखा लिहून ठेवतो. चॅप्टर ७०० आला १० नोव्हेंबर २०१४ ला, चित्रपट जपानात लागला ६ डिसेंबर २०१४ ला. चित्रपटाची कथा युद्धानंतर दोन वर्षांची, म्हणजे ७०० च्या बरीच आधीची. वाचकांनी आधी नवराबायको आणि दोन मुलं पाहिली, आणि हे दोघं प्रेमात कसे पडले ते महिनाभरानं. आधी वरात, मग बघण्याचा कार्यक्रम.

कुनाईताई

सदाशिवराव, चित्रपटाची कमजोर जागा तुम्ही बरोबर पकडलीत. भ्रमात शिरून तिच्या आठवणी बघितल्यावर नारुतोला उलगडतं. लेखकाला पळवाट हवी होती आणि ती सापडली. हे चॅप्टर ६१५ नंतर शांत जागी, जागेपणी दाखवायला हवं होतं. त्यातून पुढे साकुराच त्याला सांगते की तू माझ्यामागे लागलास ते सासुकेपुढे हरायचं नाही म्हणून. १५ वर्षांच्या एका धाग्याचा निकाल एका संवादात! चॅप्टर ३ च्या बाकावरची त्याची मनातली ओळ आठवा: हिलाही माझ्यासारखंच कुणीतरी आपल्याला मानावं असं वाटतं. ती नुसती स्पर्धा नव्हती. तिथे चित्रपटानं मांगाला कमी लेखलं.

लाल मफलर मात्र चांगला. विणलेली वस्तू एका दिवसात होत नाही, हा हिनाताच्या स्वभावाचा नेमका नमुना.

आळशी_हरीण

६१५ चं कुणी नीट लिहीत नाहीये, मी लिहितो. ६१४ मध्ये नेजी जातो, नारुतो आणि हिनाता दोघांच्या पुढे आडवा येऊन. शत्रूपक्षातला ओबितो नारुतोला डिवचतो: तुझे साथीदार मरत राहणार, तू काय वाचवणार? नारुतो खचत असतो. हिनाताचा सख्खा चुलतभाऊ समोर मेलाय आणि तरी तीच हात त्याच्या गालावर ठेवून त्याचं तोंड ओबितोकडून स्वतःकडे वळवते. नेजीचे शब्द आठवून देते. मग तो तिचा हात धरतो आणि म्हणतो, तू माझ्या शेजारी होतीस म्हणून.

"शेजारी" हा शब्द महत्त्वाचा. हिनाता पहिल्या पानापासून त्याच्या मागे चालत आलीय, झाडाआडून, खांबाआडून. ४३७ मध्ये समोर येऊन उभी राहिली. ६१५ मध्ये शेजारी. मागे, पुढे, शेजारी. नारुतोच्या बाजूचं वाक्य मांगात कुठेच नाही म्हणणाऱ्यांनी हे एक मोजावं. एकच आहे, कबूल. ४३७ नंतर १७८ चॅप्टरांनी आलं, म्हणजे छापील अंकांच्या हिशेबानं जवळपास चार वर्षांनी. पण आहे.

मूकवाचक

पहिल्यांदाच लिहितोय. सासुकेचं नाव कोणीच घेत नाही? आख्ख्या मांगात नारुतो ज्याच्यामागे धावला, ज्याच्यासाठी गुडघे टेकले, ज्याच्याबरोबर शेवटी एकेक हात गमावून पडला (नारुतोचा उजवा, सासुकेचा डावा), तो सोडून बाकी सगळ्यांची लग्नं लावताय.

शेपटी_नऊ

स्वागत. नाव घेतलं नाही कारण घेतलं की बाकी सगळे हरतात. चॅप्टर ६९८ मध्ये सासुके विचारतो, माझ्यासाठी एवढं का करतोस? उत्तर येतं, मित्र आहेस म्हणून. तुला दुखलं की मलाही दुखतं. लेखकानं शब्द मित्र ठेवलाय. वाचकानं काय वाचायचं ते वाचावं.

पण मूकवाचकांच्या मुद्द्यानं एक कारण सापडतं. साप्ताहिकात आठवड्याला १७-१८ पानं. मुख्य लढत, तिची पार्श्वकथा, नवं तंत्र, शेवटी धक्का. मनाच्या गुंत्याला जी पानं उरत ती सासुके खाऊन टाकायचा. हिनाताला उत्तर मिळालं नाही ते नारुतो दगड आहे म्हणून नव्हे, पानं संपली म्हणून.

डांगोजी

अवांतर: पहिला शिप्पुदेन (अॅनिमेची दुसरी मालिका) चित्रपट, २००७. शिओन नावाची पुजारीण नारुतोला म्हणते, माझी शक्ती पुढच्या पुजारणीकडे जायला मदत करशील का? हा अंगठा दाखवून हो म्हणतो, आपण कशाला हो म्हणालो ते न कळता. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात आधी शब्द तिला दिलाय.

पीठपोळी

पत्रिका जुळवा की सरळ! ३६ पैकी किती गुण?

जपानी_जिलबी

तिकडे पत्रिकेऐवजी रक्तगट बघतात, तेव्हा तेच घ्या. नारुतो बी, हिनाता ए, साकुरा ओ. तिथल्या लोकसमजुतीप्रमाणे ए आणि बी यांचं अजिबात पटत नाही, आणि ओ कुणाशीही जमवून घेतो. म्हणजे भटजी साकुरापक्षाचे.

ताटावर मात्र हिनाता जिंकते. अधिकृत माहितीपुस्तकांत नारुतोच्या आवडीत रामेनबरोबर शिरुको आहे, हिनाताच्या आवडीत दालचिनी रोलबरोबर झेनझाई. दोन्ही अझुकी नावाच्या लाल कडधान्याची गोड, पातळसर खीर. फरक दाट-पातळ आणि दाणे मोडण्याचा. कडधान्य गोड कसं, हा प्रश्न पुरणपोळी खाणाऱ्यानं विचारू नये.

गाभुळलेली_चिंच

गंमत पुरे. कुशिनाचा मुद्दा सदाशिवरावांनी टाकला आणि सगळे त्यावरून उडी मारून गेले. मी साकुराच्या बाजूची, तरी सांगते की तो पुरावा आपल्याच अंगाशी येतो.

कुशिना लहानपणी कोण होती? बडबडी, मारामारी करणारी, लाल केसांवरून चिडवली जाणारी, बाहेरून आलेली, होकागे (गावप्रमुख) व्हायचं म्हणणारी, वाक्याला "दत्तेबाने"चं शेपूट लावणारी. ही साकुरा आहे की स्वतः नारुतो? आणि मिनातो? तिला वाटायचं हा पुळचट आहे. तिला पळवून नेलं तेव्हा तिनं वाटेवर टाकलेले लाल केस फक्त त्याला दिसले, कारण ते केस तो आधीपासून बघत होता. न बोलता बघत राहणारं, वेळ आली की एकट्यानं निघणारं माणूस कोण? ब्याकुगान डोळ्यांची हिनाता.

म्हणजे आईबापांचा नमुना या पिढीत बसवायचा तर नारुतो कुशिनाच्या जागी येतो आणि हिनाता मिनातोच्या. पात्रांचा स्वभाव आईकडून बघायचा की नात्याचा आकार बघायचा, इथे साकुरापक्ष चुकतो.

सदाशिव_शारिंगान

घरचा भेदी! पण मुद्दा बिनतोड आहे, ५०४ माझ्या यादीतून काढतो. रामेन आणि तेन्ची पूल ठेवतो. आणि युद्धात त्याचं हृदय हातानं दाबत ठेवून त्याला जगवणारी साकुराच होती, हेही.

आळशी_हरीण

ते ठेवाच. पण तिथे ती वैद्य आहे, आणि फार मोठी वैद्य. पेनच्या वेळी हिनातालाही तिनंच वाचवलं. साकुराचं मोठेपण कुणाची बायको होण्यावर का तोलायचं? तिची खरी शोकांतिका सासुकेच्या बाजूला आहे, त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

कुनाईताई

लेखक किशिमोतोनं मुलाखतींत सांगितलंय की नारुतो-हिनाता हे बऱ्याच आधी ठरलं होतं, आणि कारण म्हणून हेच दिलंय की त्याचा शिक्षक इरुका याच्याही आधी नारुतोला मानणारी ती होती. हे ऐकून हिनातापक्ष उड्या मारतो. मला उलट त्याचा राग येतो. ठरलं होतं तर पेरणी कुठाय? एका बाजूची पेरली, दुसरीकडची चित्रपटावर ढकलली.

मुलांच्या नावांत मात्र विचार दिसतो. नेजी म्हणजे स्क्रू, बोरुतो म्हणजे बोल्ट. हिमावारी म्हणजे सूर्यफूल, आणि त्या शब्दाच्या कांजीतली पहिली दोन अक्षरं "ह्यूगा"चीच, क्रम उलटा. नावांवर जेवढी मेहनत घेतली तेवढी एका संवादावर घेतली असती तर हा धागा लागलाच नसता.

मूकवाचक

सगळं परत वाचायला वेळ नाही. या वादापुरतं काय वाचू? अॅनिमे बघितलं तर चालेल?

कुनाईताई

मांगाच घ्या. फिलरमध्ये हिनाता आणि साकुरा दोघींचे प्रसंग वाढवलेत, आणि नंतर कुठला कुणाचा ते वेगळं करता येत नाही. इथले निम्मे "पुरावे" तिथूनच येतात.

चॅप्टर ३. नववा खंड पूर्ण, नेजी-हिनातासाठी. ९८. ४३७. ४६९, पण त्याआधी साई साकुराशी बोलतो तो भाग घ्या, नाहीतर ती अचानक का आली कळणार नाही. ५०४. ६१४ आणि ६१५ एका बैठकीत. मध्ये थांबलात तर गालावरच्या हाताचं वजन जातं. ६३१ हसण्यापुरता. ७००. मग चित्रपट. अॅनिमेचं बघायचंच असेल तर शिप्पुदेनचा भाग १६६ बघा, आणि लग्नाची तयारी हवी असेल तर ४९४ ते ५००.

मूकवाचक

आणि फक्त तीन चॅप्टर वाचायचे असतील तर?

सदाशिव_शारिंगान

३, ४६९, ६१५.

शेपटी_नऊ

सदाशिवराव, यात साकुराचे दोन आहेत.

सदाशिव_शारिंगान

हो, मुद्दाम. ते दोन नीट वाचल्याशिवाय तुमचा तिसरा कळत नाही.